ऑनलाइन घेतलेले बियाणे, औषध किंवा अवजार सदोष निघाले तर: कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्यांसाठी कायदेशीर माहिती

भाताचे बियाणे, भाजीपाल्याच्या संकरित जातींची पाकिटे, कीटकनाशके, बॅटरीवरचा फवारणी पंप, गवत कापणी यंत्र अशी खरेदी आता कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मोबाइलवरून होऊ लागली आहे. घरातला कोणीतरी खोपोलीच्या कारखान्यात किंवा लोकलने कल्याण-मुंबईकडे कामाला जातो, तोच फोनवर ऑर्डर टाकतो आणि पार्सल गावी येते. दुकानापेक्षा भाव कमी दिसतो, घरपोच मिळते. अडचण पुढे येते.

शर्ट तोकडा निघाला तर घातल्याबरोबर कळते. बियाणे खराब आहे हे राबात टाकल्यावर आठ-दहा दिवसांनी कळते आणि त्यात दुसऱ्या जातीची भेसळ आहे हे भात निसवल्यावर, म्हणजे थेट सप्टेंबरात. तोवर ॲपवरची सात किंवा दहा दिवसांची परतीची मुदत केव्हाच संपलेली असते. बहुतेक शेतकरी इथेच हात टेकतात. परंतु परतीची मुदत ही त्या कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी ठरवलेली असते. कायद्याने तक्रारीसाठी दिलेली मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ॲपवरचे परतीचे बटण बंद झाले म्हणून हक्क संपत नाही. मात्र त्या काळात पुरावा हातचा गेला तर हक्क असून उपयोग होत नाही.

तुम्ही कायद्याने ग्राहक आहात का?

हो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून टप्प्याने लागू झाला. त्यात ऑनलाइन खरेदी, टीव्हीवरून केलेली खरेदी आणि साखळी विक्री यांचा स्पष्ट उल्लेख आहे. विक्रेत्याचा वकील हमखास एक मुद्दा काढतो: शेतकरी माल विकतो, म्हणजे त्याची खरेदी व्यापारासाठी आहे, म्हणून तो ग्राहक नाही. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी जी वस्तू घेतली जाते ती खरेदी व्यापारी धरायची नाही, असे कायद्यातच म्हटले आहे.

दुसरा प्रश्न गावात जास्त येतो. बिल मुलाच्या नावावर, सातबारा आजोबांच्या नावावर, आणि शेत कसते सून. तक्रार कोणी करायची? खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते. सोयीचे असे की ज्याच्या नावावर बिल आहे त्याने आणि जो शेत कसतो त्याने मिळून तक्रार करावी. सातबाऱ्यावर नाव नाही, जमीन वनहक्क पट्ट्याची आहे किंवा खंडाने घेतली आहे, एवढ्यावरून ग्राहकाचा हक्क जात नाही. ते शेत तुम्ही कसता हे दाखवता आले पाहिजे.

ऑर्डर टाकण्यापूर्वी

बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ नुसार बियाणे विकायला परवाना लागतो. ऑनलाइन विकणाऱ्याला यातून सूट नाही, आणि खरेदीदाराला बिल देणेही त्याला बंधनकारक आहे. कीटकनाशकांच्या बाबतीत नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम बदलले. परवानाधारक विक्रेत्याला ऑनलाइन मंचावरून विक्री करता येते, पण त्याचा परवाना तपासून घेण्याची जबाबदारी त्या मंचावर आहे. तेव्हा वस्तूच्या पानावर किंवा विक्रेत्याच्या माहितीत परवाना क्रमांक दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर संदेश पाठवून विचारा. उत्तर येत नसेल तर तिथून बियाणे आणि औषध घेऊ नका. निळी स्ट्रॉबेरी, सात रंगांचा गुलाब असल्या पाकिटांबद्दल वेगळे सांगायला नको.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे मंचाने विक्रेत्याचे नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा क्रमांक आणि स्वतःच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क दाखवायलाच हवा. ऑर्डर टाकताना तीन गोष्टींचे स्क्रीनशॉट घ्या: जाहिरातीचे पूर्ण पान (जात, उगवण, उत्पादन, कालावधी याबद्दलचे दावे दिसतील असे), विक्रेत्याची माहिती आणि पैसे भरल्याची पावती. विक्रेता नंतर पान बदलतो किंवा काढून टाकतो. 'एकरी अमुक क्विंटल हमखास' हा दावा पानावर असताना टिपला नाही, तर पुढे तो तुमच्या तोंडचा शब्द ठरतो.

पत्त्याबद्दल एक खास गोष्ट. महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत. दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यात. गावाचे आणि तालुक्याचे नाव लिहून भागत नाही; जिल्हा रायगड आणि पिनकोड दोन्ही लिहा. कर्जत ४१०२०१, नेरळ ४१०१०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३. पत्ता बरोबर असूनही पार्सल भलतीकडे फिरून मृग संपल्यावर पोचले, तर सांगितलेल्या तारखेनंतर आलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पूर-वादळासारखे कारण असेल तरच त्याला सूट आहे. पत्ता तुम्हीच अर्धवट दिला असेल तर मात्र बोलायला जागा राहत नाही.

पार्सल हातात आल्यावर

पार्सल उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. आधी बाहेरचा पत्त्याचा कागद, मग सील, मग आतली पिशवी आणि तिच्यावरचा टॅग. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, पायाभूत बियाण्याला पांढरा. कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्याचे लेबल हिरवे असते. जात, लॉट क्रमांक, उगवणशक्तीचे प्रमाण, चाचणीची तारीख आणि वैधता हे पाच तपशील वाचा. यातला एकही नसेल तर पिशवी फोडूच नका, लगेच तक्रार टाका.

नंतर लगेच घरी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडा, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजा. भाताच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवणशक्ती ८० टक्के असायला हवी. तुमच्या गोणपाटावर पन्नास-साठच दाणे उगवले तर बियाणे पेरायचे नाही. घरची चाचणी म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, पण परतीच्या मुदतीच्या आत शहाणे करणारी हीच एक गोष्ट आहे. फोटो तारखेसह ठेवा आणि त्याच दिवशी ॲपवर तक्रार नोंदवा. अधिकृत चाचणी हवी असेल तर राज्य शासनाच्या बीज परीक्षण प्रयोगशाळा पुणे, परभणी आणि नागपूर येथे आहेत. नमुना पाठवण्याची रीत तालुका कृषी कार्यालयात विचारा.

'हे उत्पादन परत घेतले जाणार नाही' असे पानावर लिहिलेले असते. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी असेल तर या ओळीला किंमत नाही; ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याला माल परत घेणे किंवा पैसे देणे नाकारता येत नाही. शिवाय बिलावर परतीची मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

पेरणी झाली तरी पिशवी, टॅग आणि बिल सांभाळा. मूठ-दोन मूठ बियाणे त्याच पिशवीत बांधून ठेवा. पिशवी चुलीत गेली की लॉट क्रमांक गेला आणि अर्धी तक्रार गेली. कीटकनाशकाच्या बाबतीत रिकामी बाटली घरात ठेवणे धोक्याचे आहे. लेबलचे, बॅच क्रमांकाचे आणि वैधतेच्या तारखेचे स्पष्ट फोटो घ्या. दोन बाटल्या मागवल्या असतील तर शंका येताच दुसरी सीलबंद राहू द्या, कारण निरीक्षकाला नमुना सीलबंद बाटलीचाच लागतो.

उगवले नाही किंवा भेसळ दिसली तर

त्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोनवर सांगितलेले कुठेच नोंदले जात नाही. बियाण्याच्या तक्रारींसाठी तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती असते. ती शेतावर येऊन पाहणी व पंचनामा करते. भातशास्त्राचे जाणकार जवळच आहेत: कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र कर्जतलाच आहे. भेसळीच्या तक्रारीत शास्त्रज्ञाने पाहणी करावी अशी विनंती अर्जातच लिहा. पाहणी होईपर्यंत राब मोडू नका. हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे, कारण पाऊस थांबत नाही आणि लावणीचा हंगाम निघून जातो. निदान एक वाफा किंवा शेताचा एक कोपरा तसाच राखा, बाकीच्यात दुसरे बियाणे टाका आणि तसे केल्याचे अर्जात नमूद करा.

आता सहायक कृषी अधिकारी आणि इतर विस्तार कार्यकर्त्यांसाठी. ग्राहक आयोगात पुष्कळ तक्रारी पंचनाम्यावरच पडतात. 'पाहणी केली, उगवण कमी आढळली, बियाणे सदोष असावे' एवढ्या तीन ओळींनी काहीच सिद्ध होत नाही. कर्जत-खालापुरात विक्रेत्याचे पहिले उत्तर ठरलेले असते: जूनच्या पावसाने बी वाहून गेले किंवा कुजले. म्हणून पंचनाम्यात त्या महसूल मंडळातील पेरणीनंतरच्या दिवसांचा पाऊस लिहावा. शेजारच्या राबात त्याच दोन-तीन दिवसांत दुसरे बियाणे टाकलेले असेल तर त्याची उगवण मोजून शेजारी-शेजारी आकडे द्यावेत. या एका तुलनेने पावसाचा, मातीचा आणि हवामानाचा मुद्दा बराचसा निकालात निघतो. गट क्रमांक, क्षेत्र, पेरणीची तारीख आणि पद्धत, बियाण्याचे वजन, लॉट क्रमांक, बीजप्रक्रिया केली का, तणनाशक मारले का, एक चौरस मीटरच्या तीन-चार चौकटींत किती रोपे निघाली, हे सगळे आकड्यांत हवे. भेसळ असेल तर शंभर झाडांत वेगळी किती, हे मोजून लिहावे.

नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेल्या एसआरटी पद्धतीने टोकण केली असेल तर काम सोपे होते. गादीवाफ्यावर ठरावीक अंतराने चार-पाच दाणे टाकलेले असतात, त्यामुळे रिकामे राहिलेले टोक थेट मोजता येतात. राजनाल्याच्या पाण्यावरच्या उन्हाळी भातालाही पावसाचे निमित्त लागू होत नाही. तिथे थंडीचे कारण पुढे केले जाईल, म्हणून पेरणीची तारीख काटेकोर लिहा.

पाहणीची तारीख विक्रेत्याला आणि बियाणे कंपनीला आधी कळवा, ई-मेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्हीने. ते आले नाहीत तर तसे पंचनाम्यात लिहा. त्यांना न कळवता केलेला अहवाल एकतर्फी म्हणून बाजूला सारला जाऊ शकतो.

न्यायालये काय म्हणतात

तीन निकाल लक्षात ठेवण्याजोगे आहेत. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी (२०१२) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी ग्राहक आहे हे मान्य केले. शेतकऱ्याने बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली नाही, हा कंपनीचा आक्षेप न्यायालयाने फेटाळला. शेतकरी घेतलेले सगळे बियाणे पेरतो, तपासणीसाठी काही मागे ठेवील अशी अपेक्षा त्याच्याकडून धरता येत नाही. त्याआधी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स विरुद्ध अलवलपाटी चंद्रा रेड्डी (१९९८) या सूर्यफूल बियाण्याच्या प्रकरणातही, कंपनीलाच शंका होती तर तिने तपासणी मागायला हवी होती, असा रोख होता.

तिसरा निकाल उलट बाजूचा आहे. हरियाणा सीड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन विरुद्ध साधू (२००५) मध्ये शेतकऱ्याची तक्रार टिकली नाही, कारण पिकातला फरक बियाण्यामुळे पडला असे तज्ज्ञांच्या अहवालातून दिसत नव्हते. पीक गेले एवढ्याने बियाणे खराब ठरत नाही. म्हणूनच वर पंचनाम्याबद्दल इतके लांबवून लिहिले. मूठभर बियाणे राखायला सांगितले तेही याच कारणाने: कायदा त्याची सक्ती करत नाही, पण नमुना असला तर वाद लवकर मिटतो.

तक्रार कुठे आणि कशी

पहिली पायरी मंचाचा तक्रार निवारण अधिकारी. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे, असा नियम आहे. याच पत्रात विक्रेत्याचा संपूर्ण पत्ता लेखी मागा. खरेदी केलेल्या ग्राहकाने लेखी मागितल्यावर तो देणे मंचाला भाग आहे, आणि पुढच्या तक्रारीला तो लागतोच. मजकूर साधा असू द्या:

'मी दि. … रोजी आपल्या मंचावरून ऑर्डर क्र. … ने … या विक्रेत्याकडून … जातीचे … किलो बियाणे, लॉट क्र. …, रु. … ला घेतले. दि. … रोजी मौजे …, ता. कर्जत, जि. रायगड येथे पेरणी केली. उगवण … टक्के झाली. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे दि. … रोजी तक्रार केली असून पाहणी दि. … रोजी आहे. आपण व विक्रेत्याने हजर राहावे. विक्रेत्याचा संपूर्ण पत्ता व परवाना क्रमांक कळवावा. १५ दिवसांत रक्कम व नुकसानभरपाई न मिळाल्यास ग्राहक आयोगात तक्रार करीन.'

दुसरी पायरी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. मराठीत बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीशी मध्यस्थी करते. पंप, ट्रिमर, चुकीची वस्तू अशा छोट्या रकमेच्या तक्रारींना ही वाट चांगली. पिकाच्या नुकसानीत तिच्यावर फार काळ विसंबू नये.

तिसरी पायरी अलिबागचा रायगड जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. विक्रेता गुजरातमधला असो की बेंगळुरूचा, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. 'वाद अमुक शहराच्या न्यायालयातच चालेल' किंवा 'लवादाकडेच जावे लागेल' अशा अटी ॲपच्या बारीक अक्षरांत असतात, त्यांना घाबरू नका. कर्जतहून पनवेल-पेण मार्गे अलिबाग गाठण्यात दिवस मोडतो, म्हणून तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय वापरा. १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती हे संकेतस्थळ आहे. दूरदृश्य प्रणालीने सुनावणीची विनंतीही करता येते. वकील देणे सक्तीचे नाही.

शुल्काचा एक मुद्दा बऱ्याच जणांना माहीत नसतो. कोणत्या आयोगात जायचे आणि शुल्क किती, हे तुम्ही वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपयांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. म्हणजे बाराशे रुपयांचे बियाणे घेऊन दोन लाखांचे नुकसान मागितले तरी शुल्क शून्य.

भरपाई मागताना नुसती बियाण्याची किंमत मागू नका. राब, नांगरणी, मजुरी, दुसरे बियाणे यांचा खर्च आणि घटलेले उत्पादन यांचा हिशेब जोडा. घटलेल्या उत्पादनासाठी त्याच शिवारातल्या दोघा-तिघांचे त्या हंगामातले उतारे, भात विकल्याच्या पावत्यांसह, द्या. कल्पनेतले मोठे आकडे आयोग धरत नाही. तक्रारीत विक्रेता, बियाणे कंपनी आणि मंच या तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, असे मंच म्हणेल. त्याने परवाना तपासला का, पत्ता दिला का, तक्रारीला वेळेत उत्तर दिले का, यावर त्याची जबाबदारी ठरवण्याचे काम आयोगाचे.

तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, तेव्हा कागदांच्या दोन प्रती ठेवा आणि मूळ फोटो-व्हिडिओ असलेला फोन बदलण्याआधी ते दुसरीकडे उतरवून घ्या.

अवजारांबाबत

गवत कापणी यंत्र, पॉवर वीडर यांची अश्वशक्ती जाहिरातीत फुगवलेली असते. यंत्रावरच्या पाटीवरचा आकडा आणि पानावरचा आकडा जुळतो का ते पार्सलच्या दिवशीच पाहा. दुरुस्ती केंद्र पनवेल-पुण्याच्या अलीकडे आहे का, हे आधी विचारा. महाडीबीटीवरून यांत्रिकीकरणाचे अनुदान हवे असेल तर पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र घेऊ नका. ऑनलाइन सवलत मिळाली म्हणून आधीच घेतले की अनुदान जाते आणि त्यावर ग्राहक आयोगही काही करू शकत नाही.

पैसेच गेले तर

सौर पंपाच्या नावाने 'नोंदणी शुल्क भरा' म्हणणारी बनावट संकेतस्थळे आणि व्हॉट्सॲप संदेश फिरतात. इथे विक्रेताच खरा नसतो, त्यामुळे हा ग्राहक आयोगाचा विषय राहत नाही, सायबर गुन्हा होतो. लक्षात येताच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. लेखी तक्रार कर्जत, नेरळ, खालापूर किंवा खोपोली, जवळ असेल त्या पोलीस ठाण्यात देता येते.